बेडकातली गाय

बेडकाला तोंड उघडायला लावणं ही कला आहे आणि ती मला येते, हे मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा न लाजता सांगते. डाव्या हातात बेडूक असा धरायचा की त्याचे मागचे पाय लोंबते राहतील. उजव्या हाताच्या बोटाने जबड्याच्या कोपऱ्यावर हळूच दाबायचं. तो चिडून तोंड उघडतो, तेवढ्यात कापूस गुंडाळलेली काडी त्याच्या गालाच्या आतून फिरवून घ्यायची आणि त्याला सोडून द्यायचं. बेडूक एक उडी मारतो, थांबतो आणि मागे वळून आपल्याकडे बघतो. आमचे प्राचार्य रजेच्या अर्जाकडे साधारण तसंच बघतात.

मी नागपुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. नोकरी आणि घर यांतून उरलेल्या वेळात मी पीएच.डी. केली असं सगळ्यांना सांगते. माझा नवरा सांगतो की पीएच.डी.तून उरलेल्या वेळात मी घर केलं. त्याचं म्हणणं बरोबर आहे. माझा विषय होता उड्या मारणारी जनुकं. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा लांबलचक धागा असतो हे शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. पण त्या धाग्यातले काही तुकडे एका जागी गुण्यागोविंदाने राहत नाहीत. ते स्वतःची नक्कल काढतात आणि ती दुसरीकडेच कुठेतरी घुसवतात. कधी एखाद्या नीट चाललेल्या जनुकाच्या मधोमध जाऊन बसतात आणि त्याचं वाटोळं करतात. बहुतेक वेळा नुसते पडून राहतात. कधी मात्र, फार काळाने, त्यांचाच काहीतरी उपयोग होऊन बसतो. माणसाच्या धाग्याचा जवळजवळ निम्मा भाग असल्या घुसखोरांचा आणि त्यांच्या अवशेषांचा आहे. माझ्यासमोर कुणी शुद्ध रक्ताच्या, उच्च कुळाच्या गप्पा मारायला लागलं की मी हे वाक्य काढते. मग समोरच्याचा चहा गार होतो.

यातला एक तुकडा फारच फिरस्ता आहे. गाईच्या पेशीत त्याच्या हजारो नकला आहेत आणि त्याचं जवळचं नातं कुणाशी, तर सापाशी आणि सरड्याशी. आईबापांकडून वारशाने तो गाईकडे आलेला नाही. फार पूर्वी कुठल्यातरी गोचिडाने आधी एखाद्या सरपटणाऱ्या प्राण्याचं रक्त प्यायलं, मग गाईच्या कुठल्यातरी पूर्वजाचं, आणि त्या जेवणावळीत तुकडा इकडचा तिकडे गेला असा कयास आहे. माझा प्रश्न साधा होता. आपल्या संत्र्याच्या बागेतला बेडूक घ्या. साप त्याला खातो, तो गोचीड खातो आणि गाय त्याच्या शेजारी बांधलेली असते. या सगळ्यात तो फिरस्ता त्याच्याही घरी उतरला असेल का? परदेशातल्या काही बेडकांत तो सापडल्याचं मी वाचलं होतं. आमच्या बेडकाला कुणी विचारलंच नव्हतं. तो सापडला असता तर माझ्या प्रबंधातलं सगळ्यात मोठं प्रकरण तयार झालं असतं.

बाग माझ्या सासरची, नरखेड तालुक्यातली. संत्रा, थोडी मोसंबी, एक विहीर आणि विहिरीवर मोटरची खोली. त्या खोलीच्या ओल्या भिंतीशी बेडकांची सभा भरलेली असते. बागेपर्यंत पोचायला अडचण नव्हती. सासूबाईंपर्यंत पोचायला होती.

आमचं लग्न आम्ही ठरवलेलं. माझ्या आजोबांनी नागपुरातच दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात देव नाहीत, नवस नाहीत, शकुन-अपशकुन नाहीत. नवऱ्याच्या घरी हे सगळं भरपूर. लग्नाला सासरे आले. सासूबाईंचं नेमकं त्याच दिवशी डोकं दुखलं. पुढे त्या आमच्या घरी येऊ लागल्या, पण आल्या की त्यांना उपास लागायचा. सोमवारी आल्या तर सोमवार, मंगळवारी आल्या तर मंगळवार. एकदा बुधवारी आल्या तेव्हा मला वाटलं, आता कशा सुटतात बघू. तर त्यांचं पोट बिघडलं होतं. उपासाची केळी त्या स्वतःच्या पिशवीतून आणायच्या. मी रागीट बाई आहे. नवऱ्याला म्हटलं, आईंना सांग, माझ्या हातचं पाणी पिऊन कुणी मेल्याचं अजून ऐकिवात नाही. त्याने अर्थातच सांगितलं नाही.

सासरे गेले आणि सासूबाईंचा गुडघा बिघडला. पंधरा दिवस औषधपाण्याला म्हणून त्या नागपूरलगतच्या वाडी गावातल्या आमच्या घरी आल्या. खाली ट्रान्सपोर्टची गोदामं, दिवसभर ट्रकांचे हॉर्न. मला वाटलं, कंटाळून आठवड्यात परत जातील. त्या राहिल्याच. माझ्या गाइड मॅडमना मी म्हटलंसुद्धा, मॅडम, माझा विषय माझ्या घरी राहायला आला आहे. रोजच्या रोज उपास करणं कुणालाच झेपत नाही. आधी चहा चालू झाला, मग भाजी, मग एका रविवारी त्यांनी माझ्या हातचं वांग्याचं भरीत दोनदा वाढून घेतलं. पण हाताला हात लागू द्यायच्या नाहीत. मी कप पुढे केला की म्हणायच्या, ठेव तिथं. त्यांना मला काही द्यायचं झालं की त्या ओट्यावर ठेवायच्या आणि मी तिथून उचलायचं. हे मला रोज टोचायचं. मी भांडी आपटली.

बेडकांचं काम सुरू झालं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्या कामाची चौकशी केली. बागेत कायले जातं, बेंडकाचं काय करतं, सगळं विचारून घेतलं. विहिरीच्या बाजूने परड, म्हणजे घोणस, निघते, तिचं विष चढलं की माणूस राहत नाही, हेही सांगितलं. आधीच्या काही फेऱ्या माझ्या अशा नुसत्या चौकशीवर झाल्या होत्या. पुढच्या फेरीला मी निघाले, नवरा खाली मोटरसायकल चालू करून उभा होता, आणि सासूबाई वाटी घेऊन दारात आल्या. म्हणाल्या, हात कर. मी हात पुढे केला. त्यांनी माझ्या तळहातावर दही-साखर ठेवली आणि चमचा नव्हता म्हणून बोटांनीच नीट सारखी केली.

शकुनावर माझा काडीचा विश्वास नाही. माझ्या आईला कळलं असतं तर ती आठवडाभर हसली असती. पण मी ते दही असं चाटून खाल्लं की जसं काही मला पदक मिळालं होतं. हात धुवायला वळले तर सासूबाईंनी अडवलं. शकुनाचा हात धुवायचा नाही, धुतला की शकुन वाहून जातो. मी त्याच हाताने काड्यांचं पुडकं उचललं, पिशवीत टाकलं आणि जिना उतरले. नवऱ्याच्या मागे बसले. काटोल येईपर्यंत मला आतून गुदगुल्या होत होत्या.

त्यानंतर प्रत्येक फेरीला दही ठरलेलं. वाडीच्या घरून निघाले की दही. मधूनमधून मी माहेरून, जरीपटक्याहून, एस.टी.ने जायचे, तिथे आई नुसता चहा द्यायची आणि डबा विसरू नको म्हणायची.

आणि बेडकांत गाय निघाली.

हे तपासायची पद्धत अशी असते की काडीवर आलेल्या डीएनएमधून आपल्याला हवा तो तुकडा यंत्र शोधतं आणि त्याच्या इतक्या प्रती काढतं की तो दिव्याखाली पट्टीसारखा चमकतो. तुकडा नसेल तर काहीच चमकत नाही. पहिल्या बेडकांत अंधार होता. मग एके दिवशी पट्टी दिसली, पुढच्या फेरीत आणखी ठळक. नुसत्या पाण्याची नळीही आम्ही सोबत चालवायचो, चाचणीत काही गडबड असेल तर तीही चमकावी म्हणून. ती कोरीच होती. म्हणजे जे होतं ते बेडकाच्या काडीतच होतं. मी लॅबमध्ये नाचले, आणि मला नाचता येत नाही.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं की तुमच्या बागेतल्या बेडकात गाय निघाली. त्यांनी ते दुपारपर्यंत सगळ्या बिल्डिंगला सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत फोनवरून गावाला. याचा फायदा काय, असं त्यांनी मला विचारलं. मी त्यांना वारेची गोष्ट सांगितली. बाळंतपणात जी वार पडते, ती तयार व्हायला लागणारं एक जनुक मुळात आपलं नव्हतंच. फार जुन्या काळी एका विषाणूने ते आपल्या पूर्वजांत घुसवलं आणि ते तिथेच राहिलं. सासूबाईंनी गाईंची आणि बायकांची कितीतरी बाळंतपणं पाहिलेली. त्या म्हणाल्या, बाहेरून आलं म्हणून काढून टाकलं असतं तर लेकरूच झालं नसतं. मी म्हटलं, तेच. पुढच्या फेरीला दही जास्त मिळालं.

मॅडमना मात्र आनंद झाला नाही. त्यांना आनंद व्हायला वेळ लागतो. त्यांनी तो तुकडा डीएनएचं अक्षर न् अक्षर वाचून घ्यायला पाठवला. उत्तर आलं आणि त्यांनी मला समोर बसवलं. बेडकातला तुकडा आजच्या गाईच्या तुकड्याशी अक्षर न् अक्षर जुळत होता. मला आधी ते चांगलंच वाटलं. मॅडम म्हणाल्या, नीट विचार कर. जो पाहुणा लाखो वर्षांपूर्वी आला, तो इतक्या पिढ्यांत थोडा तरी बदलायला हवा. त्याची बोली तरी बेडकांसारखी व्हायला हवी. हा तर आज सकाळी गोठ्यातून उठून आल्यासारखा बोलतो आहे. वर त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ज्या दिवशी मी माहेरून गेले होते, त्या दिवशीचे बेडूक कोरे होते. बाग तीच, विहीर तीच, बाई तीच. मग फरक कशाचा, ते शोधून आण, असं सांगून त्या तासाला निघून गेल्या.

मी चिडून घरी आले. काड्या बदलून पाहिल्या होत्या, नळ्या बदलल्या होत्या, गोठ्यापासून लांब जाऊन बेडूक पकडले होते. चहा ठेवायला ओट्याशी गेले तर सासूबाई कोमट दुधात विरजण लावत होत्या. त्यांनी सहज विचारलं, सकाळी बागेत जाणार असशील तर दही जास्त लावू का. मी साखरेचा डबा हातात घेऊन तशीच उभी राहिले. दूध गाईचं. दुधात गाईच्या पेशी. दही माझ्या बोटांवर, बोटं काड्यांच्या पुडक्यावर, आणि काडी बेडकाच्या गालात. आमच्या यंत्राला गाईची एक धूळभर खूण पुरते. मी त्याला वाटीभर दही पाजत होते.

दुसऱ्या दिवशी मी डब्यातून लॅबमध्ये दही नेलं. हातावर घेतलं, चाटलं, बागेपर्यंतच्या प्रवासाइतका वेळ हात वाळू दिला आणि कोरी काडी उचलली. ती काडी बेडकाला दाखवलीसुद्धा नव्हती. पट्टी लख्ख चमकली. मॅडमनी कारण विचारलं, मी सांगितलं, आणि आमच्या मॅडम, ज्यांना मी कधी दात दाखवताना पाहिलं नव्हतं, त्या टेबलावर डोकं ठेवून हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, सगळे नमुने पुन्हा, आणि यावेळी दही नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते. पुन्हा घेतलेल्या बेडकांत गाय नव्हती. ते प्रकरण गेलं. त्याच्या जागी मी बेडकाच्या स्वतःच्या जुन्या, दमलेल्या, आता उड्या न मारणाऱ्या तुकड्यांवर लिहिलं आणि प्रबंध त्यावर पास झाला. पण मॅडमच्या खोलीतून बाहेर पडताना मला प्रकरणाचं वाईट वाटत नव्हतं. प्रकरण दुसरं लिहिता येतं. मला भीती होती ती त्या हाताची. इतक्या वर्षांनी सासूबाईंनी मला हात लावला होता तो फक्त दह्याच्या निमित्ताने. तेच दही चुकीचं निघालं असं सांगितलं, तर त्या पुन्हा ओट्यावर ठेवायला लागतील आणि मी पुन्हा तिथून उचलायला लागेन. हे मला सोसणार नव्हतं.

नवऱ्याकडे उपाय तयार होता. "तू माहेरून निघत जा ना," तो म्हणाला. "तिले काहून सांगतं?"

मला ते पटलं. पटलं याची अजून लाज वाटते, पण पटलं. दुपारी मी बॅग भरली आणि सासूबाईंना सांगितलं की दोन दिवस आईकडे जाते, तिथूनच बागेत जाईन. त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात स्टीलची झाकणाची डबी होती, वर रबर लावलेलं.

"तुह्या घरी शकुन पाळत नाई, मले माहीत हाय," त्या म्हणाल्या. "पन तुह्या आईले म्हन, माह्याकडून एवढं हातावर द्या. तिथं परड निंगते वं."

माझ्या आईच्या घरचं पाणी या बाईने कधी घेतलं नव्हतं. आज ती तिथे दही पाठवत होती, आणि माझ्या आईच्या हाताने ते मला मिळावं म्हणत होती. मी बॅग खाली ठेवली. ओट्याला टेकून उभी राहिले आणि सगळं सांगितलं: काड्या, यंत्र, कोरी नळी, माहेरचे बेडूक. सांगताना नजर डबीवरच ठेवली, कारण वर बघितलं असतं तर मी काहीतरी गोड खोटं बोलले असते.

त्या खुर्चीवर बसल्या. गुडघा चोळत राहिल्या. खाली एक ट्रक पिपाणी वाजवत मागे येत होता.

"म्हंजे माह्या हातानं बाटलं," त्या म्हणाल्या.

हा शब्द मी टाळला होता. लॅबमध्ये आम्ही इंग्रजी शब्द वापरतो आणि घरी मी 'काहीतरी लागलं' असं म्हणत होते. मी घाईने म्हणाले, तसं नाही आई, मीच हात धुवायला हवा होता.

"असंच हाय. इतकी वर्षं मी उपास करत राहिली. माह्यं तुह्याच्यानं काई बाटलं नाई वं. तुह्यंच बाटलं माह्याच्यानं."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मी चिडते. मी म्हटलं, आता बसून काय राहिल्या, चहा ठेवते, आणि कप काढताना एक फोडला. त्या हसायला लागल्या. कप मी जाणून फोडला असं त्यांनी पुढे कितीतरी लोकांना सांगितलं. बॅग मी पुन्हा रिकामी केली. माहेरी गेले नाही.

सकाळी मी तयार होऊन निघाले. दारात सासूबाई नव्हत्या. नवऱ्याने खालून दोनदा हॉर्न वाजवला. मी चपला घालत होते, तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्यांची हाक आली. त्या नळाशी साबण घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, इकडं ये, हात कर. मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी ते आपल्या हातांत घेतले, मनगटापर्यंत साबण लावला आणि बोट न् बोट, नख न् नख, चोळून चोळून धुतलं, जसं काही मी चिखलात खेळून आले होते. पाणी गार होतं आणि त्यांचे तळवे खरखरीत होते. मग सवयीने त्यांनी पदर ओढला आणि माझे हात त्यात पुसून घेतले.

पदराला दह्याचा वास येत होता. पहाटेच त्यांनी ताक घुसळलं होतं. मी पदराकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी माझे हात न सोडताच कोपराने पुन्हा नळ उघडला.